थोरलीचं दुकान

आमच्या घरात मला कुणी नावाने हाक मारत नाही आणि माझ्या जावेलाही नाही. ती थोरली, मी धाकटी. मी लग्न होऊन आले त्याच दिवशी सासूबाईंनी ही वाटणी करून टाकली आणि ती कायमची झाली. दवाखान्याच्या खिडकीवर बसून केसपेपर काढता काढता माझे केस पिकले, तरी मी धाकटीच. त्याचं मला काही वाटत नाही. धाकटीने फटकळ बोललेलं खपतं. थोरलीचं खपत नाही, आणि आमच्या थोरलीला तर ते येतही नाही.

थोरली रफू करते. कपड्याला कसर लागली, सिगरेटची ठिणगी पडली, खिळ्यात अडकून फाटलं, तर ती भोक असं भरून काढते की ज्याचा कपडा त्यालाच ते शोधत बसावं लागतं. ठिगळ लावणं वेगळं आणि रफू वेगळं. रफूला बाहेरचा दोरा चालत नाही. त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून, जिथे कुणाची नजर जात नाही अशा जागेवरून, एकेक धागा न तोडता ओढून काढायचा आणि त्याच धाग्याने भोकावर उभं-आडवं विणत जायचं. बोटाच्या पेराएवढ्या भोकाला अर्धा दिवस जातो. मला एकदा तिने शिकवायला घेतलं होतं. पाच मिनिटांत मी सुई खाली ठेवली. म्हटलं, मी आपली रांगेतल्या लोकांवर ओरडलेलीच बरी.

हे काम ती एका ड्रायक्लीनरकडे करायची. मागच्या बाजूला, इस्त्रीच्या वाफेत, खिडकीजवळच्या स्टुलावर. पुढे काउंटरवर मालक गिऱ्हाइकाच्या हातात कोट द्यायचा आणि ऐटीत विचारायचा, "सांगा बघू, भोक कुठे होतं?" गिऱ्हाईक मालकाचं कौतुक करून निघून जायचं. थोरली मागे बसून सगळं ऐकायची. वाईट नाही का वाटत, असं मी एकदा विचारलं.

"वाईट कशाला? मालक चांगला आहे," ती म्हणाली. "फक्त एकदा तरी कोट मला माझ्या हाताने द्यायचाय गं."

म्हणजे तिला स्वतःचं दुकान हवं होतं. हवं तरी किती? एक टेबल, एक दिवा, भिंग, कपडे टांगायला दांडी आणि दारावर पाटी. एवढ्यासाठी माणसाने आयुष्यभर ताटकळावं?

पहिल्यांदा तिने जागा पाहिली तेव्हा ती तिशीत होती. दुसऱ्या मुलाची चाहूल लागली आणि जागा हातची गेली. मग मला जुळं झालं. माझी नोकरी नवीन, रजा संपलेली, आणि मी दोन पाळण्यांच्या मध्ये बसून रडतेय. थोरली म्हणाली, "दोघांना माझ्याकडे टाक आणि तू जा कामावर." ड्रायक्लीनरचे कपडे घरी आणून, एक पोर मांडीवर आणि एक पाठीशी, अशी वर्षं काढली तिने. माझी नोकरी टिकली ती तिच्या जिवावर, हे मी कुठेही, कुणालाही सांगते. मग सासरे अंथरुणाला खिळले. मोठे दीर ट्रक चालवायचे, अर्धा महिना बाहेर. तेव्हा सासऱ्यांचं सगळं कुणी केलं असेल ते सांगायला नको.

दर वेळी सासूबाई तिचा हात हातात घेऊन म्हणायच्या, "पुढच्या वर्षी काढ हं थोरले दुकान. पुढच्या वर्षी नक्की." त्या तोंडदेखलं बोलत नव्हत्या. त्यांना ते मनापासून वाटायचं. पण पुढचं वर्ष कधी एकटं यायचंच नाही, सोबत काहीतरी घेऊनच यायचं. थोरली हसून म्हणायची, "काढू की आई, घाई काय आहे?" तिच्या त्या हसण्याचा मला संताप यायचा. अगं, एकदा तरी आदळआपट कर, चार भांडी फोड, हवं तर मी आणून देते! पण नाही.

मग ड्रायक्लीनरचा मालक वारला आणि त्याच्या मुलाने दुकान विकलं. थोरली तेव्हा सत्तावन्न वर्षांची. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. चला, आता आराम कर म्हणाले. मोठे दीर ट्रक सोडून घरी बसलेच होते, माझा नवराही नुकताच निवृत्त झाला होता. थोरलीने थोडे दिवस आराम करून पाहिला. तो काही तिला जमला नाही.

एका सकाळी मी मान खाली घालून केसपेपर लिहितेय, "नाव सांगा, वय सांगा" करत, आणि समोरून आवाज आला, "सत्तावन्न." वर बघते तर थोरली.

"ताई! काय होतंय तुला?"

"काही नाही. जेवणाच्या सुट्टीत जागा बघायला येतेस का माझ्याबरोबर?"

"अगं, मग रांगेत कशाला उभी राहिलीस?"

"सगळेच उभे होते," ती म्हणाली.

जागा म्हणजे एका इमारतीच्या जिन्याखालची खोली. एका बाजूला किल्लीवाला, दुसऱ्या बाजूला झेरॉक्सवाली. उंच माणसाने आत येताना डोकं सांभाळावं, पण दार पूर्वेला होतं, म्हणजे सकाळी लख्ख उजेड येणार, आणि थोरली तेच बघत होती. साठीकडे झुकलेल्या डोळ्यांना काळ्या कपड्यावरचा काळा धागा आता फक्त सकाळच्या उजेडात दिसतो. जागामालकाने विचारलं, "मुलासाठी घेताय वाटतं?" दिवा बसवायला आलेल्या वायरमनने विचारलं, "सुनेचं का दुकान?" पाटी रंगवणारा तर ब्रश हातात घेऊन अडूनच बसला. 'रफू' लिहून झालं, खाली मुलाचं नाव कुठलं टाकू?

"मुलाला सुईत दोरा ओवता येत नाही," थोरली म्हणाली.

"मग कुणाचं टाकू?"

"कुणाचंच नको. रफू पुरे."

मुलगा दुसऱ्या गावी नोकरीला. त्याने फोनवरून आपलं शहाणपण पाजळलं, "आई, तुझ्या वयाचे लोक दुकान बंद करतात." त्यावर थोरली शांतपणे म्हणाली, "म्हणून तर जागा रिकामी मिळाली रे." मी शेजारी बसले होते. मला वाटलं, चला, बाई बोलायला शिकली.

पण खरं घोडं अडलं होतं ते सासूबाईंपाशी. त्यांची आठवण हळूहळू चालली होती. मोठ्या दिरांना त्या कधी ओळखायच्या, कधी नाही. माझ्या नवऱ्याला तर त्या भाडेकरू समजायच्या, आणि फार दिवस राहिलेला भाडेकरू म्हणून त्याच्यावर जरा नाराजच असायच्या. त्यांना क्षणभर एकटं सोडायची सोय नव्हती, आणि अंघोळ म्हणा, जेवण म्हणा, त्यांना फक्त थोरलीच्या हातचं चालायचं. सगळं पुसलं गेलं, पण एक गोष्ट मात्र कशी कोण जाणे चिकटून राहिली होती. चहा पिता पिता, केस विंचरून घेता घेता त्या मध्येच थबकायच्या आणि म्हणायच्या, "थोरलीचं दुकान राहिलंय गं. काढायला हवं."

म्हणून थोरलीने त्यांना दुकानात बरोबरच नेलं. दारातल्या उजेडाच्या कडेला त्यांची खुर्ची ठेवली. पहिल्या दिवशी मीही गेले होते. सासूबाईंनी टेबल बघितलं, दिवा बघितला, मान वर करून पाटी बघितली.

"कुणाचं गं हे दुकान?"

"माझं, आई."

"तुझं? अगं बाई! कधी काढलंस?"

"आजच."

सासूबाईंनी दोन्ही हातांनी तिचे गाल कुरवाळले. "बरं केलंस. फार बरं केलंस." डोळ्यांतून पाणी, तोंडावर हसू. मी किल्लीवाल्याकडे तोंड फिरवून उभी राहिले. मला असलं जमत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी पुन्हा विचारलं, कुणाचं हे दुकान? तिसऱ्या दिवशीही. रोज तोच आनंद, रोज तेच गाल कुरवाळणं. एकदा मोठे दीर डबा द्यायला आले होते, ते म्हणून गेले, "आई, महिना झाला की आता." सासूबाईंचा चेहरा पडला. एवढी मोठी गोष्ट झाली आणि आपल्याला कुणी सांगितलंदेखील नाही! दिवसभर त्यांनी डब्यालाही हात लावला नाही. तेव्हापासून थोरलीने सगळ्यांना ताकीद दिली, विचारलं की 'आजच' म्हणायचं. किल्लीवाला 'आजच' म्हणायला लागला, झेरॉक्सवालीही. ड्रायक्लीनरची जुनी गिऱ्हाइकं शोधत यायला लागली होती, त्यांनाही सासूबाई दारातच सांगायच्या, "या, बसा. आजच उघडलंय." काही भाबडी माणसं दर खेपेला थोरलीचं अभिनंदन करून जायची.

आणि मग तो राखाडी कोट आला.

एका बाईने आणला होता. तिच्या नवऱ्याचा, त्याच्या स्वतःच्या लग्नातला. आता रविवारी मुलाच्या लग्नात तोच घालायचा हट्ट धरून बसला होता, आणि छातीवर कसरीने भोक पाडलेलं. थोरलीने ते काम जीव ओतून केलं. मी पाहिलं होतं, बोट फिरवूनही जागा कळत नव्हती. कोट दांडीला टांगला आणि ती दुसऱ्या कामाला बसली. भिंगाखाली डोळा गेला की शेजारून मिरवणूक गेली तरी तिला पत्ता लागत नाही.

सासूबाईंनी कोट काढून मांडीवर घेतला. रोज थोरलीला धागे ओढताना बघत होत्या. त्यांनी मदत केली. थोरलीने मान वर केली तेव्हा खालची दुमड सगळी उसवलेली होती, एका बाहीची कड विरली होती आणि छातीवरचं भोक पुन्हा उघडं पडलं होतं. मांडीवर राखाडी धाग्यांचा ढीग. "घे," सासूबाई म्हणाल्या, "काढून ठेवलेत तुला."

थोरलीने मला दवाखान्यात फोन केला. इतक्या वर्षांत माझ्या कामाच्या वेळी तिने कधी फोन केला नव्हता. खिडकी तशीच टाकून मी धावले. ती कोट मांडीवर घेऊन बसली होती. रडत नव्हती.

"धाकटे, माझ्याच्याने नाही होणार आता," ती म्हणाली. "उशीर झाला गं."

जे वाक्य ऐकायला मी तरुणपणी आतुर होते, चिडून, भांडी आपटून म्हटलेलं, ते ती आता इतक्या हळू आवाजात म्हणत होती की मला ते सहन होईना. मी काही बोलणार एवढ्यात कोटवाली बाई दारात उभी राहिली.

थोरली उठली. कोट तिने स्वतःच्या हाताने तिच्या हातात दिला. भोक दाखवलं, बाही दाखवली, काही लपवलं नाही. "चूक माझी आहे. लक्ष माझं नव्हतं. रविवारच्या आत करून देते. नाही जमलं तर नवा कोट घेऊन देईन."

बाई भडकली, आणि का भडकू नये? "अहो, घरातली माणसं सांभाळून जमत नसेल तर दुकानं काढता कशाला? आणि तीही या वयात!"

थोरलीने मान खाली घातली. माझी जीभ वळवळली, पण माझ्या आधी खुर्चीतून आवाज आला.

"ओरडू नका हो तिला," सासूबाई म्हणाल्या. "आजच काढलंय तिने. किती वर्षं राहिलं होतं. माझ्यामुळे राहिलं होतं."

'माझ्यामुळे' हा शब्द त्यांच्या तोंडून आम्ही कधीच ऐकला नव्हता. आठवण होती तेव्हाही नाही. थोरली त्यांच्याकडे बघतच राहिली आणि मग तिला रडू आवरेना. बाईने कोट टेबलावर ठेवला. "रविवारी सकाळी लवकर लागेल," एवढंच म्हणाली आणि गेली.

संध्याकाळी आमच्याकडे बैठक बसली. मोठे दीर म्हणाले, झालं तेवढं पुष्कळ झालं. माझा नवरा म्हणाला, वहिनींनी हौस करून बघितली, आता बंद करावं, वयही झालंय. थोरली ऐकत होती. आता ती 'बरं' म्हणणार, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं आणि माझा तोल सुटला.

"आई कुणाची?" मी विचारलं. "तुमची दोघांची ना? मग तिला सांभाळायला सुना, आणि मुलगे काय पेपर वाचायला? ताईचं वय झालं म्हणता, आणि तुम्ही दोघं तिच्यापेक्षा मोठे, ते काय कोवळे आहात? एकाने सकाळी बसा, एकाने दुपारी. दुकान बंद होणार नाही."

मोठ्या दिरांना मी जन्मात असं बोलले नव्हते. ते चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "सकाळी मी बसतो."

कोटाला सगळा आठवडा लागला. सासूबाईंनी ओढलेल्या धाग्यांचा पार गुंता झाला होता आणि तेच धागे हवे होते, दुसरे चालणार नव्हते. तेव्हा सुई पाच मिनिटांत खाली ठेवणारी मी रोज कामावरून येऊन गुंता सोडवत बसले. मान मोडून आली. थोरली सकाळच्या उजेडात विणायची. रविवारी बाई आली, कोट दारात नेऊन उलटासुलटा करून बघितला.

"बाहीला दिसतंय थोडं," ती म्हणाली.

"हो, दिसतंय," थोरली म्हणाली. "तिथे धागाच उरला नव्हता."

"चालेल. आमच्या ह्यांना काय, चष्म्याशिवाय मुलगाही दिसायचा नाही." ती हसली. पैसे ठेवून निघाली आणि दारातल्या रिकाम्या खुर्चीकडे बघून थांबली. "आजी नाहीत का?"

आजी घरी होत्या, मुलांच्या ताब्यात. आणि मुलांच्या नाकी नऊ आले होते. सासूबाई सकाळपासून दाराशी जायच्या. थोरलीचं दुकान राहिलंय, मला जाऊ द्या. माझा नवरा सांगायचा, "आई, वहिनींनी काढलंय दुकान, छान चाललंय." त्या त्याला वरपासून खालपर्यंत बघायच्या. "तुम्ही भाडेकरू. तुम्हाला हो काय माहीत?" जेवायला बसल्या तरी दोन घासांवर उठायच्या.

इकडे थोरलीचंही काही बरं चाललेलं नव्हतं. किल्लीवाल्याने मला बाजूला घेऊन सांगितलं, "सकाळी येतात, शटर उघडतात आणि सुई हातात घेऊन नुसत्या बसतात. खुर्चीकडे बघत." मी तिला विचारलं. तिने आधी उडवून लावलं. मग म्हणाली, "अगं, सकाळी कुणी विचारतच नाही, कुणाचं दुकान."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, उद्या आईंना परत आण.

दुसऱ्या दिवशी सासूबाई खुर्चीत परत आल्या. फक्त बंदोबस्त नवा केला. दांडी खोलीच्या उंच बाजूला पार छताशी नेली, इतकी की कपडा काढायला थोरलीलाही काठी लागते. सासूबाईंच्या मांडीवर जुन्या जाडसर चादरीचा तुकडा असतो, त्याचे धागे त्या मन लावून ओढतात आणि थोरलीला नेऊन देतात, आणि थोरली प्रत्येक वेळी ते घेते. शेजारी स्टुलावर मोठे दीर बसतात. आईवर लक्ष ठेवतात, सुईत दोरा ओवून देतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "मी इथे नोकरीला आहे. बाई कडक आहेत." माझ्या नवऱ्याची दुपारची पाळी असते. भाडेकरूने एवढी मदत करावी, याचं सासूबाईंना आता कौतुक वाटतं.

दुकान भरभराटीला आलंय असं नाही. तिशीत काढलं असतं तर आज चार माणसं हाताखाली असती. ते गेलं ते गेलंच. दुपारनंतर तिचे डोळे दुखतात, बारीक काम ती नाकारते, मान आखडते म्हणून मध्येच उठून दारात उभी राहते. पण गिऱ्हाइकाला कपडा ती स्वतःच्या हाताने देते, आणि भोक कुठे होतं ते विचारत नाही. नुसती बघत राहते.

परवा संध्याकाळी मी कामावरून परस्पर तिकडे गेले. तिने शटर ओढलं, कुलूप लावलं, सासूबाईंचा एक हात तिने धरला, एक मी. रस्त्यावर दिवे लागले होते. थोडं चाललो आणि सासूबाई थांबल्या. थोरलीकडे वळून बघितलं, काळजीने.

"थोरले, तुझं दुकान राहिलंय गं."

"हो, आई."

"आता नको थांबूस कुणासाठी. वय निघून जातं."

"नाही थांबत."

"कधी काढतेस मग?"

"उद्या," थोरली म्हणाली.

"नक्की?"

"नक्की, आई. उद्या सकाळी."

सासूबाईंचं समाधान झालं आणि त्या चालायला लागल्या. मी दवाखान्याच्या खिडकीवर वेळेत पोचायचं म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच रस्त्याने जात होते. थोरली शटर वर करत होती.